फ्रेंचचे मूक वर्ण : 'शुद्ध उच्चारा'च्या दंतकथेचा इतिहास (थ्रेड)

१/
डुप्ले की डुप्लेक्स? कर्नाटकातील इंग्रज-फ्रेंच युद्धांचा विषय निघाला, की हा वाद ठरलेला. पाँडिचेरीच्या या गव्हर्नराचे नाव मराठी पुस्तके 'डुप्ले' असे छापत आली आहेत. कोणी 'डुप्लेक्स' म्हणाला, तर त्याला लगेच ऐकवले जाते, "फ्रेंचमध्ये शेवटचे व्यंजन उच्चारत नाहीत, एवढेही ठाऊक नाही?" पॅरिसमध्ये याच गव्हर्नराच्या नावाचे मेट्रो स्थानक आहे. पॅरिसकर त्याला 'द्युप्लेक्स' म्हणतात, शेवटच्या 'क्स'सह.

२/
चूक क्षुल्लक आहे, पण तिच्यामागे दोन मोठ्या समजुती उभ्या आहेत. पहिली : फ्रेंच ही वर्ण गिळणारी, लहरी भाषा आहे, लिहायचे एक आणि बोलायचे दुसरे. दुसरी : पॅरिसचा उच्चार हाच मूळचा शुद्ध, बाकीचे सारे गावंढळ. इतिहासाच्या कसोटीवर यांपैकी एकही टिकत नाही. पहिली समजूत निव्वळ अज्ञान आहे. दुसरीने मात्र पिढ्यान्‌पिढ्या माणसांना स्वतःच्या जिभेची लाज बाळगायला शिकवले.

३/
आधी लहरीपणाचा आरोप तपासू. व्याकरणात 'अक्षर' म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट. 'वर्ण' म्हणजे लेखनातले चिन्ह. या थ्रेडमध्ये हा भेद पाळला आहे. फ्रेंचला स्वरान्त अक्षर प्रिय. 'आमी' (मित्र) : आ-मी. दोन स्वरांमध्ये दोन व्यंजने आली, की ती विभागली जातात. 'पार्ले' (बोलणे) : पार्-ले. मात्र प, त, क, ब, द, ग यांसारख्या व्यंजनामागून 'र' आला, तर जोडी फुटत नाही. 'पात्री' (मातृभूमी) : पा-त्री. नियम इतका सरळ आहे.

४/
गोंधळ होतो तो पुढे, कारण फ्रेंचमध्ये अक्षरांची विभागणी शब्दाच्या कुंपणाशी थांबत नाही. 'ले' हे अनेकवचनी उपपद आणि 'आमी' एकत्र आले, की 'ले-झा-मी' होते. 'पती' (छोटा) आणि 'आमी' मिळून 'प-ती-ता-मी'. 'आव्हेक' (सोबत) आणि 'एल' (ती) मिळून 'आ-व्हे-केल'. बोलताना शब्द नव्हे, तर संपूर्ण पदसमूह अक्षरांत विभागला जातो. ज्याने शाळेत संस्कृतचे संधी सोडवले आहेत, त्याने तरी याला लहर म्हणू नये.

५/
'ले-झा-मी'मधला 'झ' आणि 'प-ती-ता-मी'मधला दुसरा 'त' कोठून आला? तो उपरा नाही. मध्ययुगाच्या पूर्वार्धात फ्रेंचमधील अन्त्य व्यंजने उच्चारली जात. पुढे ती आधी व्यंजनापूर्वी गळाली, मग वाक्याच्या विरामाशी गळाली. स्वरापूर्वी मात्र तगली. म्हणजे आज 'मूक' म्हणून हिणवला जाणारा वर्ण योग्य जागी आजही बोलतो. वैयाकरण या जोडणीला 'लिएझों' म्हणतात.

६/
या इतिहासाचा उत्तम साक्षीदार म्हणजे 'सहा' हा आकडा. फ्रेंचमध्ये तो एकाच प्रकारे लिहितात आणि तीन प्रकारे उच्चारतात. व्यंजनापूर्वी 'सी', स्वरापूर्वी 'सीझ', वाक्याच्या शेवटी 'सीस'. 'ग्राँ' (थोर) या शब्दाच्या शेवटी 'डी' हा वर्ण लिहितात, पण 'थोर माणूस' म्हणताना 'ग्राँ-तॉम' असा 'त' ऐकू येतो. कारण मध्ययुगात शब्दाच्या शेवटचा 'द' कठोर होऊन 'त' बने. उच्चाराने आठशे वर्षांपूर्वीची खूण जपली आहे; लेखनाने नाही.

७/
'एच' या वर्णाचेही तसेच. आज तो कोठेच उच्चारला जात नाही. तरी 'माणूस' या शब्दाला उपपद चिकटून 'लॉम' होते आणि 'लाज' या शब्दाला चिकटत नाही. 'ला ओंत' असे दोन स्वर वेगळे राहतात. 'माणूस' हा शब्द लॅटिनमधून आला, आणि लॅटिनचा 'ह' कधीच मेला होता. 'लाज' हा शब्द मात्र फ्रँक या जर्मानिक टोळ्यांचा. त्यांचा 'ह' पुढे कित्येक शतके घुमत राहिला. तो गेला, पण शब्दांमधली भिंत ठेवून गेला.

८/
आता लेखनाकडे वळू. येथे दृश्य पालटते. अनेक मूक वर्ण असे आहेत, जे फ्रेंचमध्ये कोणीही, कधीही उच्चारले नव्हते. 'काळ' या अर्थाचा 'ताँ' हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये 'पी'विना लिहीत. लॅटिन 'तेम्पुस'ची आठवण म्हणून नंतर त्यात 'पी' घुसवला गेला. 'बोट' या शब्दातला 'जी', 'वीस'मधला 'जी', 'शरीर'मधला 'पी' हे सारे असेच मागील दाराने आले. मध्ययुगाच्या उत्तरार्धातील न्यायालयीन कारकून आणि लॅटिनाभिमानी पंडित यांची ही करणी.

९/
त्यातही पंडितांनी व्युत्पत्ती चुकवल्या. 'वजन' या अर्थाचा 'प्वा' हा शब्द लॅटिन 'पेन्सुम'पासून आला. विद्वानांना वाटले 'पोन्दुस'पासून, म्हणून त्यात 'डी' बसवला. तो आजही तेथेच आहे. 'जाणणे' या अर्थाचा 'साव्हवार' लॅटिन 'सापेरे'पासूनचा. त्याला 'स्कीरे'शी जोडून एक 'सी' चिकटवला गेला, तो १७४० पर्यंत हलला नाही. ज्या लेखनाला आज राष्ट्राचा वारसा म्हणून मिरवले जाते, त्यात चुकांचाही वारसा आहे.

१०/
सर्वच वर्ण मूर्खपणाने आले असे नव्हे. 'आठ' म्हणजे 'उईत'. लॅटिन 'ओक्तो'मध्ये 'एच' नाही, पण फ्रेंच लेखनात आहे. जुन्या लेखनात 'यू' आणि 'व्ही' यांसाठी वेगळी चिन्हे नव्हती. हा शब्द कोणी 'व्ही'ने वाचू नये म्हणून पुढे 'एच' उभा केला गेला. 'तेल' आणि 'कालव' या शब्दांतही तीच युक्ती. त्या काळी ती सोय होती. दोन्ही चिन्हे वेगळी झाल्यावर सोयीची गरज संपली, 'एच' राहिला.

११/
यावर त्या काळी कोणी बोलले नाही काय? बोलले. १५३९ मध्ये फ्रान्स्वा पहिला याने व्हिलेर-कोत्रे येथील हुकुमाने न्यायालयीन कागदपत्रांतून लॅटिन हटवून फ्रेंच आणली. त्यानंतर अकराच वर्षांनी, १५५० मध्ये, लुई मेग्रे याने उच्चारानुसारी लेखनात छापलेले फ्रेंच व्याकरण प्रसिद्ध केले. १५६२ मध्ये तत्त्वज्ञ रामुस याने तोच मार्ग धरला. वर्ण उच्चारासाठी असतो, एवढीच त्यांची मागणी होती. दोघेही हरले.

१२/
जिंकले कोण? १६३५ मध्ये कार्डिनल रिशेलिए याच्या पुढाकाराने राजमान्यता मिळालेली फ्रेंच अकादमी. १६७३ मध्ये मेझरे या सदस्याने अकादमीसाठी लेखनविषयक टिपणे सिद्ध केली. त्यांत भूमिका स्वच्छ मांडली आहे : जुने लेखनच चालू ठेवावे, कारण ते विद्वानांना अडाण्यांपासून आणि साध्यासुध्या बायकांपासून वेगळे ओळखू देते. मूक वर्णांचे समर्थन करणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य आधी पचवावे. हे लेखन अवघड ठेवण्यात आले, ते जाणीवपूर्वक.

१३/
अकादमीचा पहिला शब्दकोश १६९४ मध्ये आला. पण तेथेही लेखन अढळ राहिले नाही. १७४० च्या आवृत्तीत हजारो शब्दांचे लेखन बदलले. मूक 'एस' काढून त्याच्या जागी स्वरावर टोपीसारखे चिन्ह बसवले गेले. १८३५ च्या आवृत्तीत खुद्द 'फ्राँसे' म्हणजे 'फ्रेंच' या शब्दातला 'ओआय' जाऊन 'एआय' आला. व्हॉल्टेअरने हीच मागणी शतकभर आधी केली होती. स्वतः लेखन बदलत राहायचे आणि इतरांनी बदल सुचवला की परंपरेची दुहाई द्यायची, हे धोरण फार जुने आहे.

१४/
१९९० मध्ये फ्रेंच सरकारच्या राजपत्रात काही सौम्य दुरुस्त्या प्रसिद्ध झाल्या. कोणावरही सक्ती नव्हती. काही शब्दांवरची टोपी ऐच्छिक झाली. 'कांदा' या शब्दातला 'आय' आणि 'कुमुद' या अर्थाच्या 'नेन्युफार'मधला 'पीएच' बदलण्याची मुभा मिळाली. २०१६ मध्ये पाठ्यपुस्तकांनी हे लेखन स्वीकारण्याचे ठरवताच समाजमाध्यमांवर 'टोपी बचाव' मोहीम उसळली. संस्कृती बुडाल्याचा आक्रोश झाला.

१५/
आता गंमत पाहा. ज्या टोपीसाठी लोक रडले, ती १७४० मध्ये खुद्द अकादमीने केलेली सुधारणा होती. आणि 'नेन्युफार'? विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापर्यंत अकादमीच्या कोशात तो 'एफ'नेच होता. 'पीएच' ग्रीक शब्दांची खूण. हा शब्द ग्रीक नाहीच. संस्कृत 'नीलोत्पल', त्यावरून फारसी 'नीलूफर', तेथून अरबीमार्गे मध्ययुगीन लॅटिनमध्ये आणि मग फ्रेंचमध्ये आलेला. निळ्या कमळाला चुकून ग्रीक पोशाख चढवला गेला आणि तोच पोशाख 'परंपरा' म्हणून वाचवायला लोक धावले.

१६/
लेखनाची ही कथा. मग उच्चार तरी मूळचा शुद्ध आहे काय? 'राजा' या शब्दाचा आजचा उच्चार 'र्वा'. चौदाव्या लुईच्या दरबारात तो 'र्वे' होता. 'र्वा' हा पॅरिसच्या सामान्य रस्त्यावरचा उच्चार. व्याकरणकार त्याला नाके मुरडत. क्रांतीने दरबार संपवला आणि रस्त्यावरचा उच्चार प्रमाण झाला. दरम्यान सतराव्या शतकात जुना उच्चार घेऊन जे लोक कॅनडात गेले, त्यांच्या वंशजांच्या तोंडी 'मी' आणि 'तू' या अर्थी 'म्वे', 'त्वे' ही रूपे आजही ऐकू येतात. क्वेबेकच्या खेडुताची म्हणून ज्या बोलीला हसतात, ती एके काळी राजाची बोली होती.

१७/
'र' पाहा. पॅरिसचा घशातला 'र' म्हणजे फ्रेंचपणाची खूण, असे मानले जाते. मोलिएरच्या १६७० मधील 'ल बुर्झ्वा झाँतीयॉम' या नाटकात तत्त्वज्ञानाचा मास्तर शेटजींना उच्चार शिकवतो. तो 'र' कसा काढायला सांगतो? जिभेचे टोक टाळूशी नेऊन थरथरवून. म्हणजे मराठी 'र'सारखाच. घशातला 'र' प्रमाण ठरला तो नंतर. खेड्यापाड्यांत जिभेचा 'र' उरला आणि तो गावंढळ ठरला. चूक खेड्याने केली नव्हती. राजधानी बदलली होती.

१८/
सर्वांत बोलका पुरावा मूक 'अ'चा. 'एक छोटे घर' हे फ्रेंचमध्ये पूर्ण उच्चारले तर 'यू-न-प-ती-त-मे-झों' अशी सात अक्षरे होतात. पॅरिसचा माणूस घाईत चारच उच्चारतो : 'यून-प्तीत-मे-झों'. तुलूझ किंवा मार्सेयचा माणूस सातही उच्चारतो, आणि त्याच्या या उच्चारावर विनोद होतात. आता फ्रेंच काव्याचे वैभव मानले जाणारे बारा अक्षरी 'अलेक्झांद्राँ' वृत्त घ्या. त्यात व्यंजनापूर्वीचा हा 'अ' मोजावाच लागतो; गाळला तर ओळ लंगडते.

१९/
म्हणजे रासिनची शोकान्तिका रंगभूमीवर म्हणताना पॅरिसच्या नटाला जी अक्षरे प्रयत्नपूर्वक मोजावी लागतात, ती दक्षिणेतला भाजीवाला बाजारात सहज उच्चारतो. एकाच अक्षराला नाट्यगृहात अभिजात म्हणायचे आणि बाजारात हास्यास्पद ठरवायचे, यात भाषाशास्त्र कोठे आहे? फरक उच्चाराचा नाही. कोण उच्चारतो याचा आहे.

२०/
ही थट्टा केवळ थट्टा राहिली नाही. २७ जानेवारी १७९४ रोजी बारेर याने क्रांतिकारी संसदेत ब्रेतों, बास्क, जर्मन आणि इटालियन या सीमेवरच्या भाषांना अंधश्रद्धेच्या, धर्मवेडाच्या आणि प्रतिक्रांतीच्या भाषा ठरवले. त्याच वर्षी आबे ग्रेग्वार याने बोली नष्ट करण्याची गरज सांगणारा अहवाल मांडला. त्याच्या अंदाजानुसार किमान ६० लाख फ्रेंच नागरिकांना राष्ट्रभाषा येत नव्हती, जवळपास तेवढ्यांनाच तीत सलग संभाषण जमत नव्हते, आणि ती शुद्ध बोलणारे ३० लाखांहून अधिक नव्हते. स्वातंत्र्य, समता, बंधुता. आणि बहुसंख्य नागरिकांची जीभ संशयित.

२१/
१८८१-८२ च्या ज्यूल फेरीच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. ही मोठीच प्रगती. पण त्याच शाळांच्या व्हरांड्यांत दुसरा एक धडा चाले. ब्रेतान्यात मायबोलीत बोलताना सापडलेल्या मुलाच्या गळ्यात लाकडी खडावेसारखी एखादी वस्तू अडकवत. तिला 'सँबॉल' म्हणत. सुटका हवी असेल, तर दुसऱ्या मुलाला बोलताना पकडून द्यायचे. दिवसाअखेरी ज्याच्या गळ्यात ती वस्तू, त्याला शिक्षा. ऑक्सितान प्रदेशातही असेच चाले. मुलांना फ्रेंच शिकवायला मित्रावर चहाडी करायला लावण्याची गरज नव्हती.

२२/
१९५१ च्या देइक्सॉन कायद्याने ब्रेतों, बास्क, कातालान आणि ऑक्सितान यांना शाळेत ऐच्छिक जागा दिली. पण लाज तोवर घराघरांत मुरली होती. २०१८ मध्ये जाँ-ल्युक मेलाँशों या डाव्या नेत्याने दक्षिणी उच्चारात प्रश्न विचारणाऱ्या महिला पत्रकाराच्या बोलण्याची सर्वांसमक्ष नक्कल केली आणि कोणी फ्रेंचमध्ये प्रश्न विचारील काय, असे सुनावले. तिने प्रश्न फ्रेंचमध्येच विचारला होता. २०२० च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने उच्चारावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्धचे विधेयक मंजूर केले. कायदा करण्याची पाळी येते, यातच सारे आले.

२३/
प्रतिपक्षाचे म्हणणेही ऐकावे. मोठ्या देशाला सामाईक प्रमाणभाषा लागते, हे खरे. मूक वर्ण समोच्चारित शब्द वेगळे ठेवतात, हेही खरे. 'हिरवा', 'काच', 'कडे' आणि 'अळी' हे चारही फ्रेंच शब्द 'व्हेर' असेच ऐकू येतात, आणि डोळ्यांना ते वेगळे दिसणे सोयीचे आहे. पण सोय हा एक युक्तिवाद आहे आणि शुद्धता हा दुसरा. रस्त्याच्या डावीकडून गाडी चालवणे ही सोय आहे. उजवीकडून चालवणाऱ्या देशातील माणसे त्यामुळे अशुद्ध ठरत नाहीत. प्रमाणभाषा शिकवावी, आणि तिच्यापुढे मुलाची बोली खाली मान घालून उभी करू नये. ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात.

२४/
मराठी वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नाही. 'घर' लिहिताना 'र'मध्ये 'अ' असतो, बोलताना तो गळतो, आणि भुजंगप्रयातात म्हणताना पुन्हा उच्चारावा लागतो; हा फ्रेंच मूक 'अ'चा सख्खा भाऊ. मोडी कागदपत्रांत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला आढळत नाही. त्या लेखणीने राज्य चालवले. तरीही 'पानी' म्हणणाऱ्या मुलाला वर्गात आजही हसतात. हसणाऱ्याला व्याकरण अधिक कळते, असा या हसण्याचा अर्थ होत नाही.

२५/
इतिहासाच्या अभ्यासकाने 'शुद्ध' हा शब्द भेटताच तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या साली शुद्ध? कोणत्या शहरात? कोणाच्या तोंडी? फ्रेंचपुरती उत्तरे सापडतात, आणि प्रत्येक उत्तरात एखादा दरबार, एखादी अकादमी किंवा एखादी शाळा उभी दिसते. पुढच्या वेळी चर्चेत कोणी 'डुप्लेक्स' म्हणाला, तर त्याला हसण्याआधी एवढे आठवावे. आणि तो खरोखरच चुकला असता, तरीही हसण्याचे कारण नव्हतेच.

(समाप्त)